वीस रुपयांचा संग्रह

३१ मे २०२५ रोजी भोपाळमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त तीनशे रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. ज्या शहराच्या विद्यापीठाला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आहे, त्या सोलापूरला याचा आनंद वाटणे स्वाभाविकच आहे. पण हे नाणे नवी पेठेतल्या कोणत्याही दुकानाच्या गल्ल्यात पडणार नाही. एसटीच्या वाहकाच्या पिशवीत किंवा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत पाळणेवाल्याच्या मुठीतही ते येणार नाही. ते टांकसाळीकडे मागणी नोंदवून, दर्शनी किमतीपेक्षा पुष्कळ जास्त पैसे मोजून घ्यायचे आणि मखमली डबीत ठेवायचे. आता अहिल्यादेवींच्या कारकिर्दीत महेश्वर आणि मल्हारनगरच्या टांकसाळीत पडलेले रुपये पाहा. त्यांवर त्यांचे चित्र नाही, नावही नाही. त्या काळच्या रिवाजानुसार नाव मोगल बादशहाचे, आणि त्याच्या सोबतीला शिवलिंग नि बेलाचे पान. ते रुपये बाजारात फिरले, हजारो हातांतून गेले, आणि ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही बेलाच्या पानावरून कोणाचे राज्य आहे ते कळले. स्मारक नाणी जमवू पाहणाऱ्याने सुरुवातीलाच हा फरक ध्यानात घ्यावा. माझे म्हणणे असे की, संग्रहाचा पाया चलनात फिरलेल्या नाण्यांवर घालावा. डबीतली नाणी नंतर, ऐपत आणि हौस असेल तर. आणि या पायाला आपल्या गावाचा, जिल्ह्याचा धागा असावा.

नाण्याचे सामर्थ्य फिरण्यात आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. जिंकलेल्या राजाची चांदी वितळवून टाकणे त्याला शक्य होते. पण लोकांच्या हातात असलेल्याच नाण्यावर आपला ठसा उमटवला की विजयाची वार्ता प्रत्येक व्यवहारागणिक पोहोचते. शिवराज्याभिषेकाचा होन आणि शिवराई हेही असेच उद्‌घोष. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे सोन्याच्या होनावर मोजक्या लोकांनी पाहिली असतील, तांब्याच्या शिवराईवर मात्र रयतेने पाहिली. म्हणूनच १८१८ मध्ये मराठी राज्य गेल्यानंतरही शिवराई बाजारात चालत राहिली. खुद्द सोलापूरचे नाव टांकसाळीचे ठिकाण म्हणून औरंगजेबाच्या रुपयांवर आढळते, आणि त्याची छावणी तर १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरीलाच होती. युद्धाच्या धामधुमीत फौजेचा पगार, रसद, खंडणी या सगळ्याला नाणे लागे, आणि त्या नाण्यावर कोणाचे नाव असावे हा राजकारणाचा प्रश्न होता.

स्वतंत्र भारताची स्मारक नाणी १९६४ मध्ये सुरू झाली. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांची प्रतिमा असलेला रुपया आणि ५० पैशांचे नाणे निघाले. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीला २० पैसे, ५० पैसे आणि एक रुपया ही फिरती नाणी आली, सोबत चांदीचे दहा रुपये. इथवर नाण्यावर माणूस होता. पण त्यानंतरचे दशक माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके दशक आहे, कारण त्या काळात सरकार सर्वांत लहान नाण्यांवरून सर्वांत साध्या गोष्टी बोलत होते. १९७३ मध्ये ५० पैशांच्या नाण्यावर अधिक धान्य पिकवण्याचा संदेश आला. १९७४ मध्ये दहा पैशांवर आईवडील आणि दोन मुले, कुटुंब नियोजनाचा त्रिकोण, सर्वांना अन्न. १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. १९७६ मध्ये सर्वांना अन्न आणि काम, १९७९ मध्ये बालकवर्ष, १९८० मध्ये ग्रामीण स्त्रियांची उन्नती. यांतली बरीचशी नाणी ॲल्युमिनियमची, हलकी, पाच-दहा पैशांची.

ही नाणी सोलापूरच्या संदर्भात ठेवून पाहिली की त्यांचा अर्थ बदलतो. १९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यावर कोसळला तेव्हा सोलापूर जिल्हा त्याच्या मध्यभागी होता. माणसे रस्त्याच्या आणि तलावाच्या कामांवर खडी फोडत होती, मजुरी रोख मिळत होती. त्याच सुमारास ५० पैशांवर ‘जास्त पिकवा’ हा संदेश निघावा आणि पुढे १९७६ मध्ये पाच-दहा पैशांवर अन्नाच्या जोडीला कामाचाही उल्लेख यावा, ही केवळ टांकसाळीची नोंद राहत नाही. त्याच काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना आकाराला येत होती आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. नाण्यावरचा संदेश संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या जागतिक मोहिमेतून आला होता, इथल्या खडी फोडणाऱ्या बाईला उद्देशून तो लिहिलेला नव्हता हे खरे. तरीही तो तिच्याच हाती पडला, तिने तो ज्वारीसाठी दुकानदाराला दिला. डबीतल्या नाण्याला असा प्रवास कधीच घडत नाही.

पुढे १९८२ मध्ये राष्ट्रीय एकात्मतेचे दोन रुपयांचे नाणे निघाले, भारताचा नकाशा आणि त्यात तिरंगा. ते स्मारक नाणे होते, पण त्याची कल्पना इतकी रुजली की पुढे नव्वदच्या दशकात आणि २००४ पर्यंत नेहमीच्या अकराकोनी दोन रुपयांवर तेच चित्र राहिले. स्मारक नाणे चलनात मुरले की त्याचे स्मारकपण लोकांच्या नजरेआड होते, आणि हेच त्याचे मोठे यश. याउलट गेल्या दीड दशकात दर्शनी किमतीच विलक्षण होत गेल्या. २०१० मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीला एक हजार रुपयांचे नाणे, २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात सव्वाशे रुपयांचे, २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी पंचाहत्तर रुपयांचे. या शेवटच्या नाण्याचे वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर, आणि धातू म्हणाल तर ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. कारागिरी उत्तम असते, यात वाद नाही. पण १२५ किंवा ७५ हा आकडा इथे वर्षांचा आहे, पैशाचा नाही. या नाण्याने काही विकत घ्यावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

तेव्हा सोलापूरचा नवखा संग्राहक काय जमवील? माझ्यापुढे सहा नाणी येतात. १९९० चा बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चा संत तुकारामांचा रुपया, २००६ चे महात्मा बसवेश्वरांचे पाच रुपये, आणि २०१५ चे बाबासाहेबांचेच दहा रुपये. बेरीज वीस रुपये. एवढ्यात जिल्ह्याचा केवढा तरी भाग येतो. बसवेश्वरांचे तर मंगळवेढ्याशी थेट नाते आहे. मंगळवेढे ही कलचुरींची राजधानी, बसवेश्वर बिज्जलाच्या पदरी हिशेबाच्या कामाला होते आणि पुढे कल्याणला त्याच्या भांडाराची व्यवस्था त्यांच्याकडे आली, असे परंपरा सांगते. राजाचा खजिना सांभाळणारा माणूस श्रमाला पूजा मानतो, जातीची उतरंड नाकारतो, आणि आठशे वर्षांनी देशाच्या नाण्यावर येतो. तुकोबांचे काय? घरची महाजनकी, दुकानदारी. आणि त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ज्याने लोकांच्या देण्याचे कागद पाण्यात सोडले, त्याची प्रतिमा देण्याघेण्याच्या सर्वांत साध्या साधनावर यावी आणि तो रुपया आषाढीला पंढरपुरात वारकऱ्याने चंद्रभागेत सोडावा, यात मला एक खोल संगती दिसते. बाबासाहेबांचा संबंध तर रुपयाशी विद्वत्तेचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरच होता आणि तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चलन कोणत्या प्रमाणावर बांधावे, त्याची किंमत ढळली की गरिबाचे काय होते, याचा विचार करणारा अर्थशास्त्रज्ञ त्याच रुपयावर आहे. ही तीन नाणी शेजारी ठेवली की पैशाकडे पाहण्याच्या तीन रीती समोर येतात, आणि तिन्ही या मातीतल्या माणसांच्या ओळखीच्या आहेत.

यावर पहिला आक्षेप जाणकार संग्राहकांचा असतो, की फिरलेले नाणे झिजलेले असते. कडा घासलेल्या, चेहरा सपाट, रंग काळवंडलेला. मग संग्रहात ते कशाला? आक्षेप अगदी निराधार नाही. अक्षरेच वाचता येत नसतील तर त्या नाण्यातून काही शिकता येत नाही. पण यावर उपाय आहे. एकाच नाण्याच्या दोन-तीन प्रती बघून त्यांतली ठळक ठेवावी, आणि अधिक चांगली मिळाली की आधीची पुन्हा खर्चून टाकावी. वर्षाच्या आकड्याखाली भिंगाने पाहिले की टांकसाळीची खूण दिसते. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावरचे, कर्नाटकाला लागून आणि तेलंगणापासून फार दूर नसलेले, मराठी-कानडी-तेलुगू-उर्दू बोलणारे गाव. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर अशी तीर्थे करणारे यात्रेकरू इथूनच जातात. तेव्हा एकाच चिल्लरीत मुंबईची आणि हैदराबादची नाणी एकत्र भेटावीत यात नवल नाही, आणि ही खूण झिजलेल्या नाण्यावरही बहुधा वाचता येते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगितली पाहिजे. नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लावून नाणे लखलखीत करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याने पृष्ठभाग कायमचा जातो. साध्या पाण्याने धुऊन, टिपून, कागदी चौकटीत ठेवावे. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांत कालांतराने धातूवर हिरवट चिकट थर चढतो, म्हणून ती टाळावीत. हाताळताना नाणे कडेने धरावे.

दुसरा आक्षेप रोकडा आहे. वीस रुपयांच्या नाण्यांचे पुढे किती होणार? फारसे नाही, असे स्पष्ट सांगणेच योग्य. ही नाणी मोठ्या संख्येने पाडली गेली आहेत आणि विक्रेते त्यांना दर्शनी किमतीपेक्षा थोडेफारच जास्त देतात. दुर्मीळतेला किंमत येते, जुनेपणाला आपोआप येत नाही. नेमकी हीच गोष्ट माहीत नसल्यामुळे माणसे फसतात. माता वैष्णोदेवीचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखो रुपयांना विकले जाते, अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. माणूस फोन करतो, पलीकडचा सौदा पक्का करतो आणि मग नोंदणी शुल्क, कमिशन, कर अशा नावांनी आधी पैसे मागतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा आणि बोधचिन्हाचा वापर करून असे प्रकार होतात, म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक स्वतः पडत नाही, असे शुल्क मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. वैष्णोदेवीचे नाणे चलनासाठी पाडलेले साधे नाणे आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो या सापळ्यात पाऊल ठेवणार नाही. नफा हा हेतू ठेवला की संग्राहक भोळा होतो. अभ्यास हा हेतू ठेवला की सावध होतो.

या अभ्यासाचा उपयोग संग्राहकापुरता राहत नाही. दहा रुपयांचे नाणे नाकारण्याची साथ मध्यंतरी देशाच्या अनेक भागांत पसरली होती. एका नाण्यावर रुपयाचे चिन्ह, दुसऱ्यावर नाही, एकावर चेहरा, दुसऱ्यावर इमारत. तेव्हा यांतले काही खोटे असणारच, अशी अफवा. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावे लागले, की दहा रुपयांच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. त्यांतले बरेचसे नमुने स्मारक नाण्यांचेच होते, उदाहरणार्थ २००९ मध्ये होमी भाभांच्या जन्मशताब्दीचे, २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पंचाहत्तरीचे. म्हणजे ज्या नाण्यांनी देशाच्या इतिहासाची आठवण द्यायची, तीच ओळख न पटल्यामुळे खोटी ठरली. याचा दोष मी लोकांना देणार नाही. नाणे चलनात सोडताना त्याची ओळख बाजारात, शाळेत, बसस्थानकावर करून दिली जात नाही, राजपत्रात छापून काम संपते. अशा वेळी भाजीवालीच्या पाटीवर हुज्जत सुरू असताना चारचौघांना समजावून सांगू शकणारा माणूस म्हणजे संग्राहक. त्याच्या वहीत सगळे नमुने असतात.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाण्यावर कोण यावे हे सरकार ठरवते, मग असा संग्रह म्हणजे सरकारी इतिहासाची नक्कलच नव्हे का? सोलापूरने हा प्रश्न विचारायलाच हवा. १९३० मध्ये या शहराने नगरपालिकेवर तिरंगा फडकवला, मे महिन्यात इथे लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या नावाचे नाणे नाही. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले आणि चीनच्या युद्धभूमीवर रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचेही नाही. ज्यांच्या नावाने शहराची यात्रा भरते त्या सिद्धरामेश्वरांचे नाही. तेव्हा नाणे मिळणे ही थोरवीची कसोटी नव्हे, हे उघड आहे. पण संग्रह करणाऱ्यालाच ही उणीव आकड्यांनिशी दाखवता येते. कोणत्या दशकात शेतकरी, बालके, ग्रामीण स्त्रिया नाण्यावर होत्या आणि कोणत्या दशकापासून केवळ व्यक्ती आणि संस्था आल्या, व्यक्तींमध्ये स्त्रिया किती, संत किती, कामगार चळवळीतले किती, हे सांगायला नाणी क्रमाने लावून ठेवलेली असावी लागतात. गिरण्यांच्या गावाने असा हिशेब मांडला आणि त्याच्या बळावर चार हुतात्म्यांसाठी नाण्याची मागणी केली, तर ती केवळ भावनेची राहणार नाही.

मोबाइलवरून पैसे देण्याच्या या दिवसांत नाणे हातीच येत नाही, असेही कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि म्हणूनच घाई करायला हवी. चहाच्या टपरीवर कोड लावलेला असतो, सुट्ट्यांची चणचण बोलण्यातून नाहीशी होत चालली आहे, आणि नव्वदच्या दशकातली मोठी नाणी रोज कमी दिसतात. अशा वेळी प्रत्येकाने नाणी बाजूला ठेवली तर बाजारात टंचाई होईल, ही शंकाही काढली जाते. पण संग्रहाला प्रत्येक नमुन्याची एक, फार तर टांकसाळीगणिक एक प्रत पुरते. पोती भरून ठेवणे हा संग्रह नव्हे आणि त्याचे समर्थन करण्याचे कारणही नाही. नाणी अजून जिथे थेंबाथेंबाने जमतात त्या जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. देवळांच्या दानपेट्या, किराणा दुकानांचे जुने गल्ले, यात्रेतल्या दुकानदारांची दिवसाची कमाई. तिथे सुटे देऊन बदल्यात हवे ते नाणे मागितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

घरातल्या पेटीकडेही पाहावे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी आता निरुपयोगी म्हणून मोडीत दिली जातात. देण्याआधी ती उलटून सिंहमुद्रेची दुसरी बाजू बघावी. तिथे नुसता आकडा असेल तर ते नेहमीचे नाणे. आईवडील आणि दोन मुले असतील तर १९७४ चे, अन्नासोबत कामाचा उल्लेख असेल तर १९७६ चे, आणि त्या वेळी घरातले कोणी दुष्काळी कामावर गेले होते का, हे विचारले तर सांगू शकणारी पिढी आज अनेक घरांत हयात आहे.